चूक कोणाची? अपघाताच्या वादग्रस्त विमा दाव्यात दोष सिद्ध करण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाड्या धडकतात एका क्षणात आणि त्या क्षणाबद्दलचा वाद पुढे वर्षानुवर्षं चालतो. इथली माहिती भारतातल्या मोटार वाहन कायदा, १९८८ ला धरून आहे. या कायद्यात २०१९ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि नुकसानभरपाईच्या दाव्यांशी संबंधित बदल १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. त्यामुळे त्याआधीच्या अपघाताचा अनुभव सांगणाऱ्या ओळखीच्या माणसाचा सल्ला जपून घ्या.

माझ्या दाव्यात चूक कोणाची हे मुळात सिद्ध करावं लागतं का?

बरेच जण इथेच गोंधळतात आणि नको तिथे शक्ती घालवतात. तुमच्या स्वतःच्या सर्वसमावेशक पॉलिसीतून गाडीची दुरुस्ती करून घ्यायची असेल, म्हणजे ज्याला ओडी (ओन डॅमेज, स्वतःच्या गाडीचं नुकसान) क्लेम म्हणतात तो, तर चूक समोरच्याची होती हे दाखवायची गरज नसते. चूक तुमची असली तरी कंपनी पैसे देते. अट एवढीच की दारू पिऊन किंवा विनापरवाना गाडी चालवण्यासारखा पॉलिसीचा भंग झालेला नको. नो क्लेम बोनस जातो, ते दुःख वेगळं.

चूक सिद्ध करावी लागते ती थर्ड पार्टी दाव्यात. समोरच्या गाडीच्या चालकाच्या निष्काळजीपणामुळे मला इजा झाली, घरातलं माणूस गेलं किंवा मालमत्तेचं नुकसान झालं, म्हणून त्या गाडीचा मालक आणि त्याची विमा कंपनी यांनी भरपाई द्यावी, असा हा दावा कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे बोलीभाषेतल्या एमएसीटी कोर्टात चालतो.

तिसरी वाट कलम १६४ ची. मृत्यू झाल्यास ५ लाख आणि गंभीर दुखापत असल्यास अडीच लाख रुपये. त्यासाठी चूक कोणाची हे सांगावंही लागत नाही. पण कलम १६४ खालची रक्कम तुम्ही कलम १४९ मधल्या तडजोडीच्या प्रक्रियेतून स्वीकारली, तर कलम १६६ खालचा दावा संपुष्टात येतो. कमावत्या माणसाच्या मृत्यूत किंवा कायमच्या अपंगत्वात १६६ खालची भरपाई अनेकदा ५ लाखांच्या कितीतरी पुढे जाते. म्हणून चूक सिद्ध होण्यासारखी असेल तर घाईने सही करू नका.

विमा कंपनीने पत्र पाठवलंय की "अपघात तुमच्याच चुकीने झाला". आता काय उरलं?

बरंच काही. ते पत्र म्हणजे निकाल नव्हे. थर्ड पार्टी दाव्यात कंपनी स्वतः पक्षकार असते आणि पैसे तिच्याच खिशातून जाणार असतात. कंपनीने नेमलेल्या तपासनिसाचा अहवालही एका बाजूचा कागदच. तो लिहिणाऱ्याला साक्षीला बोलावून उलटतपासणी घेता येते. घटनास्थळी तो कधी गेला, कोणाकोणाशी बोलला, चालकाचा जबाब घेतला का, हे तीन प्रश्न विचारले की बरेचसे अहवाल लंगडे पडतात.

मात्र पत्राला लेखी उत्तर द्या. फोनवरचं बोलणं नंतर कोणाला आठवत नाही.

पुरावा किती पक्का लागतो? खुनाच्या खटल्यासारखा?

नाही. फौजदारी खटल्यात आरोप संशयातीत सिद्ध व्हावा लागतो. दावा न्यायाधिकरणात मात्र "असं घडलं असण्याची शक्यता जास्त दिसते" एवढं पुरतं. सुप्रीम कोर्टाने २००९, २०१८ आणि २०१९ च्या निकालांमध्ये हे पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. एखादा प्रत्यक्षदर्शी साक्षीला आला नाही, एवढ्यावर दावा पडत नाही. फिर्याद, पंचनामा, दोषारोपपत्र, वैद्यकीय कागद हे सगळं एकत्र ठेवून जे चित्र उभं राहतं ते बघायचं असतं.

काही अपघात तर स्वतःच बोलतात. गाडी रस्ता सोडून झाडावर आदळली, तर असं का झालं याचं उत्तर चालकाच्या बाजूने यायला हवं. हे तत्त्व सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्येच अशाच एका प्रकरणात लावलं होतं.

अपघातानंतर लगेच काय करावं, म्हणजे पुढे अडचण येणार नाही?

जखमींना आधी हॉस्पिटलला पाठवा. त्यानंतर हातात असलेल्या मोबाइलचा खरा उपयोग करा.

तुटलेल्या बंपरचे दहा फोटो सगळेच काढतात. वाद झाल्यावर कामाला येतात ते लांबून काढलेले फोटो: दोन्ही गाड्या रस्त्याच्या कुठल्या बाजूला, कुठल्या कोनात थांबल्या, मधला पट्टा तुटक की सलग, टायरचे ओरखडे कुठून सुरू होतात, काचांचा चुरा आणि माती नेमकी कुठे पडली आहे. गाडीखालची वाळलेली माती धडक बसते तिथेच झडते. गाड्या नंतर पन्नास फूट सरकल्या तरी ती माती खरी जागा दाखवते. सिग्नल, स्पीड ब्रेकर, वळणाची पाटी, बंद असलेला रस्त्यावरचा दिवा, हे सगळं एका सलग व्हिडिओत घ्या. समोरच्या गाडीचा नंबर, विम्याचा कागद आणि लायसन्स यांचेही फोटो घ्या. कलम १३४ प्रमाणे अपघातातल्या चालकावर पोलिसांना २४ तासांच्या आत कळवण्याचं आणि विमा कंपनीलाही माहिती देण्याचं बंधन आहे.

आणि तोंड आवरा. रस्त्यावर जमलेल्या गर्दीत "माझंच चुकलं, मी भरून देतो" म्हणून प्रकरण मिटवण्याचा मोह होतो. पण नेहमीच्या मोटार पॉलिसीत अशी अट असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही, पैसे देण्याचं वचनही द्यायचं नाही. माणुसकीने विचारपूस करा, पाणी द्या, दवाखान्यात न्या. यातलं काहीच कबुली ठरत नाही.

फिर्याद दुसऱ्यानेच दिली आणि त्यात चूक माझी म्हणून लिहिली आहे. एफआयआर बदलता येते का?

एकदा नोंदवलेली एफआयआर खोडून पुन्हा लिहिता येत नाही, पण तुमची बाजू नोंदवता येते. तपास अधिकाऱ्याकडे पुरवणी जबाब द्या, सोबत फोटो आणि साक्षीदारांची नावं द्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोहोच घ्या. पोलिस ऐकतच नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलिस अधीक्षकांना लेखी कळवता येतं. तिथेही काही झालं नाही तर कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

एफआयआर हा काही अंतिम पुरावा नव्हे. "भरधाव वेगात, हयगयीने व निष्काळजीपणे वाहन चालवून" हे वाक्य जवळजवळ प्रत्येक अपघाताच्या फिर्यादीत असतं आणि एवढ्या वाक्याने कोणाचा वेग सिद्ध होत नाही. फिर्यादीची बारकाईने तपासणी होते ती दुसऱ्या गोष्टींसाठी: गाडीचा नंबर पहिल्याच दिवशी आला की तीन आठवड्यांनी, फिर्याद देणारा तिथे खरंच हजर होता का, आणि दिशा बरोबर लिहिली आहे का. उत्तरेकडून येणारी गाडी कागदावर दक्षिणेकडून आली की राँग साइड कोणाची हेच उलटं होतं. सही करण्याआधी फिर्याद वाचा. वाचता येण्याच्या अवस्थेत नसाल तर वाचून दाखवायला सांगा.

उशिरा दिलेली फिर्याद दाव्याला मारक ठरतेच असं नाही. माणूस आयसीयूमध्ये असताना नातेवाईक पोलिस ठाण्यात बसून राहत नाहीत, हे सुप्रीम कोर्टानेही २०११ मध्ये मान्य केलं आहे. पण उशिराचं कारण लेखी असू द्या. नंबर उशिरा आला की "गाडी नंतर घुसडली" हा विमा कंपनीचा ठरलेला बचाव असतो.

पंचनाम्यात नेमकं काय बघायचं?

घटनास्थळाचा पंचनामा हा माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी वाचला जाणारा कागद आहे. त्यात रस्त्याची एकूण रुंदी, दुभाजक आहे की नाही, धडकेची जागा कुठल्या कडेपासून किती फुटांवर, ओरखड्यांची लांबी आणि गाड्यांच्या नुकसानीचं वर्णन असायला हवं. सोबत एक कच्चा नकाशा असतो.

आता समजा रस्ता २४ फुटांचा आहे आणि धडकेची जागा तुमच्या डाव्या कडेपासून ५ फुटांवर दाखवली आहे. मग समोरून येणारा त्याच्या १२ फुटांची हद्द ओलांडून तुमच्या बाजूला ७ फूट आत आला होता. यासाठी साक्षीदार लागत नाही, नकाशा आणि साधी वजाबाकी पुरते. नकाशा उलट बाजू दाखवत असेल तर तुमचे फोटो तिथे उभे करावे लागतात.

पण पंचनामा अपघातानंतर होतो हे विसरू नका. वाहतूक मोकळी करायला गाड्या बाजूला ओढल्या असतील तर त्यांची जागा काहीच सिद्ध करत नाही. गाड्या कुठे सापडल्या एवढ्यावरून चालकाला अंशतः दोषी धरता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये स्पष्ट केलं आहे.

पंचनाम्याच्या जोडीला मोटार वाहन निरीक्षकाचा तपासणी अहवाल असतो. ब्रेक चालू होते का, नुकसान पुढच्या डाव्या कोपऱ्यावर की उजव्या, हे त्यात येतं. दोन्ही गाड्यांवरच्या खुणांची जमिनीपासूनची उंची आणि रंगाचे ओरखडे जुळतात का, हेही बघा. ही तपासणी होईपर्यंत गाडी दुरुस्तीला टाकू नका. विमा कंपनीने नुकसान मोजायला नेमलेला सर्व्हेअर येण्याआधी तर अजिबात नाही.

हॉस्पिटलच्या कागदांचा चूक ठरवण्याशी काय संबंध?

वाटतं त्यापेक्षा खूप जास्त. कॅज्युअल्टीत दाखल करताना ड्युटीवरचे डॉक्टर "कसं लागलं?" विचारतात आणि सोबत आलेला कोणीतरी घाईत उत्तर देतो. "गाडीवरून पडला" एवढं ऐकून डॉक्टर लिहितात: दुचाकी घसरून पडल्याची हकीकत. दुसऱ्या गाडीने कट मारला म्हणून तो पडला, हा अर्धा भाग कागदावर येतच नाही. वर्षभराने विमा कंपनीचा वकील तोच कागद काढतो आणि म्हणतो, दुसरी गाडी नव्हतीच, हा स्वतःच घसरला.

तेव्हा दाखल करताना एक पूर्ण वाक्य सांगा: कुठल्या प्रकारच्या गाडीने, कुठल्या बाजूने, कुठे धडक दिली. मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायचं प्रकरण, म्हणून नोंद करायला सांगा. आधी छोट्या दवाखान्यात आणि मग मोठ्या हॉस्पिटलला नेलं असेल तर दोन्हीकडची हकीकत जुळते का बघा. चुकीची नोंद झाली असेल तर लगेच लेखी अर्ज द्या. जुनी नोंद जाणार नाही, पण तुमचा आक्षेप त्याच आठवड्यातला असल्याचं दिसेल. सोबत आलेल्याला प्रत्यक्ष काही माहीत नव्हतं, हे त्याच्या साक्षीतून सांगता येतं.

इजाही बोलतात. उजव्या पायाचं हाड बाहेरून आत मोडलं असेल, तर धडक उजवीकडून बसल्याच्या तुमच्या म्हणण्याला तो एक्स-रे बळ देतो.

सीसीटीव्ही आणि डॅशकॅमचं फुटेज कोर्टात चालतं का?

चालतं, पण ते टिकलं तर. बहुतेक दुकानं आणि सोसायट्यांच्या कॅमेऱ्यांत जुनं चित्रण काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप पुसलं जातं. म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांतच आजूबाजूचे कॅमेरे कुठे आहेत याची फेरी मारा, मालकाला लेखी विनंती करा आणि तपास अधिकाऱ्यालाही अर्ज द्या. पोलिस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली फुटेज मागवू शकतात. टोल नाक्यावरची फास्टॅगची वेळ, बस किंवा टॅक्सीतल्या जीपीएस यंत्राची नोंद, ११२ वर केलेल्या कॉलची वेळ, हे छोटे पुरावे अनेकदा कोणी मागतच नाही.

जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं. एक भाग तो पुरावा देणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा, नमूद करायची असते. न्यायाधिकरणाची पद्धत दिवाणी कोर्टापेक्षा सुटसुटीत असली तरी हे प्रमाणपत्र घेऊन ठेवा. मूळ मेमरी कार्ड बाजूला काढा, त्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होऊ देऊ नका. व्हॉट्सॲपवर फिरून आलेली क्लिप हा मूळ पुरावा नव्हे. त्यात दर्जाही जातो आणि वेळेची माहितीही.

साक्षीदार पुढे यायला घाबरतात. त्यांना काय सांगायचं?

मोटार वाहन कायद्याचं कलम १३४अ त्यांना दाखवा. जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. त्याने स्वतःहून तयारी दाखवल्याशिवाय त्याला नाव-पत्ता द्यायला भाग पाडता येत नाही. स्वतःहून साक्षीदार व्हायला तयार झाला तर जबाबासाठी त्याला पोलिसांनी पुन्हा पुन्हा फेऱ्या मारायला लावू नये, असं नियम सांगतात.

साक्षीदार नात्यातला असला म्हणून खोटा ठरत नाही. गाडीत शेजारी बसलेली बायको हीच बहुधा सर्वांत जवळची प्रत्यक्षदर्शी असते. पण तिची साक्ष पंचनाम्याशी जुळायला हवी. पढवलेला साक्षीदार उलटतपासणीत "गाडी ताशी ९० च्या वेगात होती" असं ठामपणे सांगतो आणि तिथेच फसतो. पायी चालणाऱ्याला वेगाचा आकडा कळत नाही. "हॉर्न वाजला, ब्रेकचा आवाज आला नाही" हे मात्र त्याला नक्की कळतं.

मागून धडक दिली म्हणजे चूक मागच्याचीच ना?

बहुतेक वेळा. नेहमीच नाही.

सुप्रीम कोर्टाचे २०१८ मधलेच दोन निकाल शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. एकात पुढचा ट्रक अचानक थांबला आणि मागची कार त्यावर आदळली. कारने पुरेसं अंतर ठेवलं नव्हतं, म्हणून ट्रकचालकाला दोषी धरलं नाही आणि दावा फेटाळला गेला. दुसऱ्यात रात्री रस्त्यात दिवे, इंडिकेटर नसलेला टँकर उभा होता आणि कार त्यावर आदळली. हायकोर्टाने दोष निम्मा-निम्मा वाटला होता. सुप्रीम कोर्टाने तो फिरवला आणि पूर्ण चूक टँकरची धरली, कारण समोरून येणाऱ्या गाड्यांच्या प्रकाशात तो उभा टँकर दिसणं शक्य नव्हतं, हे साक्षीतून आलं होतं.

दोन्हीकडे धडक मागूनच होती. फरक पडला तो पुढची गाडी कशी उभी होती, मागच्याला ती दिसायला हवी होती का आणि तसा पुरावा आला का, यावर. म्हणून उभ्या वाहनावर आदळला असाल तर पार्किंग लाइट, रिफ्लेक्टर, मागे ठेवलेले दगड किंवा फांद्या आणि रस्त्यावरचा उजेड यांचा पुरावा त्याच रात्री गोळा झाला पाहिजे. दुसऱ्या दिवशी दुपारी काढलेल्या फोटोत अंधार दिसत नाही.

समोरचा वेगात होता हे कसं दाखवायचं?

ओरखडे आणि थांबण्याचं अंतर यांवरून. कोरड्या डांबरी रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्या कारला धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंतच्या दीड सेकंदात साधारण २५ मीटर आणि ब्रेक लागल्यावर थांबायला साधारण २० मीटर लागतात. ताशी ८० ला हेच आकडे ३३ आणि ३६ होतात. म्हणजे वेग एक तृतीयांशाने वाढला, पण ब्रेक लागल्यानंतरचं अंतर पावणेदोन पट झालं. पंचनाम्यात ३५ मीटरचा ओरखडा मोजलेला असताना कोणी "मी चाळीसनेच चालवत होतो" म्हणत असेल, तर त्याची उलटतपासणी सोपी आहे.

उलट ओरखडाच नसेल तर दोन शक्यता: ब्रेक लावलाच नाही, किंवा गाडीला एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी ब्रेक यंत्रणा) होतं आणि त्यामुळे खूण पुसट उमटली. दुसरी शक्यता तपासल्याशिवाय पहिलीवर उडी मारू नका. अनेक नव्या गाड्यांच्या एअरबॅग नियंत्रकात धडकेआधीच्या काही सेकंदांचा वेग आणि ब्रेकची नोंद राहते. मोठ्या रकमेच्या दाव्यात ती मिळवण्यासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करणं योग्य ठरेल. गाडी भंगारात जाण्याआधी.

दोघांचीही थोडी थोडी चूक असेल तर?

जखमी किंवा मृत व्यक्तीची स्वतःची चूक अपघाताला कारणीभूत असेल तर तिच्या वाट्याएवढी भरपाई कमी होते. एकूण रक्कम १२ लाख ठरली आणि तुमची चूक ३० टक्के धरली, तर हातात ८ लाख ४० हजार येतात. विमा कंपन्या हा टक्का वाढवण्यासाठीच सगळ्यात जास्त झगडतात आणि त्याचा पुरावा देण्याची जबाबदारीही त्यांचीच असते.

इथे एक भेद नीट लक्षात घ्या. तुम्ही प्रवासी होता आणि दोन चालकांच्या चुकीने अपघात झाला, तर तुमची चूक शून्य. अशा वेळी पूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाकडूनही मागता येते. त्यांनी आपसात काय वाटून घ्यायचं ते त्यांचं त्यांनी बघावं. सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये हे निःसंदिग्ध केलं. तरीही "दुसऱ्या गाडीला पक्षकार केलं नाही, म्हणून निम्मेच पैसे" असा बचाव अजून घेतला जातो.

दुचाकीवर तिघे होते, लायसन्स नव्हतं, हेल्मेट नव्हतं, यांपैकी कुठल्याही एका गोष्टीवरून आपोआप टक्का कापता येत नाही. नियम मोडल्याचा दंड वेगळा. त्या गोष्टीमुळे अपघात झाला किंवा इजा वाढली, हे दाखवावं लागतं. मागच्या ट्रकने सिग्नलला उभ्या दुचाकीला उडवलं, तर दुचाकीवर किती जण होते याने काय फरक पडतो? तिसऱ्या माणसामुळे तोल गेला असेल तर मात्र पडतो.

फौजदारी खटल्यात समोरचा चालक निर्दोष सुटला. माझा दावा बुडाला का?

नाही. दोन्हीकडची पुराव्याची पातळी वेगळी आहे आणि सुप्रीम कोर्टाने १९८० मध्येच सांगितलं आहे की फौजदारी सुटकेमुळे नुकसानभरपाईचा दावा आपोआप पडत नाही.

उलट बाजूने सावध राहा. तारखांना कंटाळून "गुन्हा कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा" असा सल्ला चालकांना सर्रास मिळतो. तो कबुलीजबाब नंतर एमएसीटी कोर्टात तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून येतो. तिथली रक्कम दंडाच्या कित्येक पट असते.

समोरच्याकडे लायसन्स नव्हतं किंवा तो प्यायलेला होता. मग विमा कंपनी हात वर करेल का?

प्रयत्न करेल. पण हा वाद कंपनी आणि तिचा ग्राहक यांच्यातला आहे, त्यात तिसऱ्याने भरडलं जाऊ नये असा सुप्रीम कोर्टाच्या २००४ च्या निकालापासूनचा कल आहे. अनेक प्रकरणांत न्यायाधिकरण कंपनीला आधी पैसे भरायला लावतं आणि नंतर मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. लायसन्सच्या वर्गाचा वाद असेल तर नोव्हेंबर २०२४ चा घटनापीठाचा निकाल बघा: हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंतचं परिवहन वाहन चालवू शकतो.

दारूची कायदेशीर मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. "तोंडाला वास येत होता" एवढी नोंद दुबळी असते. मात्र रक्ततपासणी झाली नाही म्हणून विमाधारक सुटलाच, असंही नाही. स्वतःच्या गाडीच्या क्लेममध्ये परिस्थितीवरूनही नशा सिद्ध होऊ शकते, असं २०२१ च्या निकालात म्हटलं आहे.

धडक देणारा पळून गेला तर?

गाडी सापडली नाही तर कलम १६१ खालच्या योजनेत मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. रक्कम तुटपुंजी आहे. तेव्हा गाडी शोधण्याचा पाठपुरावा सोडू नका. तुटलेल्या इंडिकेटरच्या काचेवर अनेकदा कंपनीचा भाग क्रमांक असतो. तो तुकडा पंचनाम्यात जप्त झाला आहे ना, ते विचारा.

दावा किती दिवसांत करायचा?

अपघातापासून सहा महिन्यांत. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं गेलं आहे, पण त्या भरवशावर राहू नका. अपघात झाला ती जागा, तुम्ही राहता ती जागा किंवा प्रतिवादी राहतो ती जागा, यांपैकी कुठल्याही हद्दीत दावा टाकता येतो.

२०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनीही न्यायाधिकरणाला ४८ तासांत पहिला, ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल द्यायचा असतो. पोलिसांचा कलम १५९ खालचा हा अहवालच भरपाईचा अर्ज मानण्याची तरतूदही आहे. प्रत्यक्षात तो वेळेवर गेलाय का, हे पोलिस ठाण्यात जाऊन विचारणं तुमच्याच हिताचं. कलम १६० खाली गाडीची, चालकाची आणि विम्याची माहिती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

माझाच ओडी क्लेम नाकारलाय. एमएसीटीत जाऊ का?

नाही, ती जागा त्यासाठी नाही. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत जा. तिथे ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात आणि शुल्क लागत नाही. किंवा दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे जा. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागून घ्या. तो महत्त्वाचा असतो, पण अंतिम शब्द नसतो, हे सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये सांगितलं आहे. नाकारण्याचं नेमकं कारण आणि पॉलिसीतलं नेमकं कलम लेखी मागा. पुष्कळ पत्रांत कलमच नसतं.

लोकअदालतीत मिटवलेलं बरं का?

समोरच्याची चूक दाखवणारा पुरावा डळमळीत असेल तर हो, गंभीरपणे विचार करा. पैसे लवकर मिळतात. पण तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून कायमच्या अपंगत्वाचं प्रमाणपत्र हातात येण्याआधी मिटवू नका. चालणं कितपत परत येणार हे डॉक्टरलाच ठाऊक नसताना रकमेचा आकडा कुठून काढणार?

न्यायाधिकरणाचा निकाल पटला नाही तर?

९० दिवसांत हायकोर्टात अपील. वादातली रक्कम एक लाखापेक्षा कमी असेल तर अपील करता येत नाही. अपिलात नवा पुरावा सहसा घेतला जात नाही. त्यामुळे जो फोटो, जो नकाशा, जो साक्षीदार आहे, तो खालीच आणा.